उस्तादांचा ठोसा आणि ओल्या झेंडूचं पोतं

माझ्या सासऱ्यांचे उस्ताद रोज पहाटे एका एडक्याची टक्कर पोटावर घ्यायचे आणि मगच चहा प्यायचे.

ही माहिती मला लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मिळाली. बाकीच्या गोष्टी, म्हणजे दूधवाला कधी येतो, विहिरीवरची मोटर कशी लावायची वगैरे, नंतर हळूहळू कळत गेल्या.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि मधल्या जागेत मेथी-कोथिंबीर. मी मात्र नाशिक शहरात वाढलेली, बी.एस्सी. बी.एड. झालेली आणि एका शाळेत विज्ञान शिकवणारी. सासऱ्यांना सगळे दादा म्हणत. ते तरुणपणी काही वर्षं देवळाली कॅम्पात कामाला होते आणि तिथे त्यांना बॉक्सिंगचा नाद लागला. शिकवणारे एक निवृत्त हवालदार. त्यांचं नाव दादांनी कधी घेतलं नाही. ‘उस्ताद’ एवढंच म्हणायचे आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावायचे.

उस्ताद पांडवलेणीच्या पायऱ्या उलट्या पावली, म्हणजे डोंगराकडे पाठ करून, पळत चढायचे. गोदावरीला पूर आला की छातीभर पाण्यात उभे राहून पुराला ठोसे मारायचे (पूर ओसरायचाच, पण तो कशाने, यावर आमच्या घरात दोन मतं होती: एक दादांचं आणि एक माझं). जबडा मजबूत व्हावा म्हणून दिवसभर बाभळीचा डिंक चघळायचे. आणि मुठी लोणच्याच्या खारात बुडवून ठेवायचे. त्यामुळे त्यांच्या तळहाताची कातडी अशी झाली होती की कॅम्पातला न्हावी वस्तऱ्याला धार लावायला पट्ट्याऐवजी उस्तादांचा हात मागायचा.

घरातले सगळे हे ऐकून माना डोलवायचे. माझी मान नीट डोलायची नाही.

“एडक्याचं वजन किती असेल हो दादा?” मी एकदा जेवताना विचारलं. खरंच सहज विचारलं होतं. शाळेत तेव्हा बल आणि त्वरण चालू होतं आणि मला उदाहरणाला काहीतरी नवीन हवं होतं.

दादांनी ताटावरून मान वर केली. “वजन?”

“म्हणजे पळत येणारा एडका, तोही रोज, पोटावर. आतडी कशी काय...”

“शैला,” सासूबाई म्हणाल्या, “भाजी वाढ.”

त्या दिवसापासून दादा माझ्याशी थेट बोलेनासे झाले. मी समोर उभी असतानाच ते सासूबाईंना सांगायचे, “तिला म्हणावं, मोटर बंद कर.” मी मोटर बंद करून यायचे. मग ते सासूबाईंना सांगायचे, “आणि तिला म्हणावं, एडक्याला कोणी तराजूत घालत नाय.”

नव्वदच्या दशकातली, माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांची ही गोष्ट. माझी नणंद वंदना लग्नाची झाली होती आणि तिची दोन स्थळं हातची गेली होती. पहिलं पत्रिकेमुळे गेलं. दुसरं उस्तादांमुळे. पाहुणे संध्याकाळच्या बसने परत जाणार होते आणि दादांनी एडक्यापासून सुरुवात केली. पाहुणे सभ्य होते, शेवटपर्यंत बसले. बस गेली. त्यांना आमच्याकडेच मुक्काम करावा लागला, आणि रात्री दादांनी राहिलेलं सांगितलं. पुढे त्या लोकांनी नकारसुद्धा कळवला नाही. आमचं नाव काढलं तरी ते विषय बदलतात, असं मध्यस्थांकडून कळलं.

म्हणून तिसऱ्या स्थळाच्या वेळी कडक बंदोबस्त होता. मुलगा देवळ्याचा, घरचा कांद्याचा व्यापार. वंदनाला तो फोटोवरूनच आवडला होता.

“अगं, नुसता फोटो बघितलायस,” मी म्हटलं.

“फोटोत तो हसतोय, वहिनी. आधीचे दोघं रक्त काढायला बसल्यासारखे होते.” आणि मग हळूच म्हणाली, “या वेळी काहीतरी करा. पण दादांना बोलू देऊ नका.”

माझा नवरा संजय याने बाहेर सूचना दिल्या. दादांनी हवापाणी, कांदा आणि झेंडू या तीनच विषयांवर बोलायचं. भिंतीवर दादांचा हातमोजे घातलेला, छाती पुढे काढलेला फोटो होता. तो काढायला दादा तयार होईनात, म्हणून सासूबाईंनी त्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवून तो झाकून टाकला. शेवटची सूचना मला होती.

“तू काही विचारायचं नाहीस,” संजय म्हणाला.

“मी कशाला काय विचारीन?”

“हे बघ, आत्तासुद्धा विचारलंस.”

तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्या वर्षी आमच्या सगळ्या पट्ट्यात झेंडूच झेंडू झाला होता. दिवाळीनंतर तर फुलांना कोणी विचारेना. शेवटच्या तोडणीची फुलं पोत्यांत भरून विहिरीजवळ तशीच ठेवली होती. त्यात अवकाळी पाऊस झाला. पोती भिजून फुगून पडली होती आणि खत होण्याची वाट बघत होती. वारा तिकडून आला की अंगणात त्यांचा वास यायचा. सासूबाईंनी त्या दिवशी उदबत्तीचा अख्खा पुडा लावला.

पाहुणे जीप करून आले. मुलगा प्रकाश, त्याची आई आणि त्याचे आजोबा. आजोबांना सगळे अण्णा म्हणत होते. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा आणि चांगले रुंद खांदे. मुलगा खरोखरच फोटोतल्यासारखा होता. सारखा हसू आवरत होता.

सुरुवात फार छान झाली. हवा झाली, कांदा झाला, झेंडू झाला. दादांचे तिन्ही विषय संपले आणि ते पुढच्या परवानगीसाठी संजयकडे बघायला लागले. मी पोहे आणून ठेवले. अण्णा खूश होते. म्हणाले, “मंडळी चांगली हायेत. मुलीला बघू, आणि पुढची तिथी बी आत्ताच पाहून टाकू.”

आणि तिथी बघायला ते कॅलेंडरकडे गेले.

मी, संजय आणि सासूबाई, तिघंही एकदम उठलो. पण अण्णांनी महिना उलटायला पान उचललं, ते जरा जोरातच उचललं. कॅलेंडर खिळ्यावरून निघून त्यांच्या हातात आलं आणि मागून छाती काढून दादा प्रकट झाले.

अण्णांनी फोटो पाहिला. मग खुर्चीतल्या दादांना पाहिलं. मग परत फोटो.

“तुम्ही बॉक्सिंग खेळायचे?”

“थोडंफार,” दादा जमिनीकडे बघत म्हणाले. बिचाऱ्यांनी खरंच खूप प्रयत्न केला.

“मी मनमाडला होतो. रेल्वेत,” अण्णा म्हणाले. “आमचा गुरू म्हणजे पेरेरा साहेब. इंजिन ड्रायव्हर. तसा बॉक्सर परत झाला नाही.”

संजयने डोळे मिटले.

अण्णा कॅलेंडर घेऊनच दादांच्या शेजारी येऊन बसले. पेरेरा साहेब इंजिनात कोळसा फक्त डाव्या हाताने टाकायचा, का, तर डावा ठोसा तयार व्हावा. भट्टीचं दार तापून लाल झालेलं असायचं, ते तो हातमोजा न घालता बुक्कीने बंद करायचा.

“बरोबर,” दादा म्हणाले. “आमचे उस्ताद मुठी खारात ठेवायचे. त्यांनाबी भाजत नसे.”

“कसं भाजेल?” अण्णा म्हणाले.

“नाहीच भाजत,” दादा म्हणाले.

मी पोह्यांवर कोथिंबीर घालत उभी होते. माझ्या तोंडात चार प्रश्न येऊन थांबले होते. संजय माझ्याकडे एकटक बघत होता. मी कोथिंबीर घालत राहिले. (कोथिंबिरीखाली शेवटी पोहे दिसेनासे झाले.)

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात परत पाहिलं नाही. उस्तादांनी एडका आणला तर पेरेरा साहेबाने रेल्वेचा डबा खांद्याने ढकलून दुसऱ्या रुळावर नेला. उस्ताद पांडवलेणी उलटे चढले तर पेरेरा साहेब अंकाईचा किल्ला एका पायावर चढला. उस्तादांनी पुराला ठोसे मारले तर पेरेरा साहेबाने इंजिनाच्या वाफेला मारले. आणि गंमत म्हणजे दोघंही एकमेकांवर मनापासून विश्वास ठेवत होते. “असणारच,” दादा म्हणायचे. “होणारच,” अण्णा म्हणायचे. इतकी वर्षं दादांना असा माणूस भेटला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते. मुलगी बघायला आलोय हे अण्णा विसरले होते आणि मुलगी दाखवायची आहे हे दादा विसरले होते. आतल्या खोलीत वंदना साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती तशीच उभी होती.

सगळं गोडीत चाललं होतं. पण दादांना राहवलं नाही. त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली.

“आणि एकदा काय झालं, अण्णा, उस्तादांनी ओल्या वाळूचं पोतं एका ठोशात फाडलं. वरपासून खालपर्यंत.”

अण्णा थांबले. पहिल्यांदाच ‘होणारच’ आलं नाही.

“नाही,” ते म्हणाले. “ते नाही होत.”

“म्हणजे?”

“पेरेरा साहेबानं करून पाहिलं होतं. नाही फाटलं. जे पेरेरा साहेबाला जमलं नाही, ते कोणाला जमणार नाही.”

एडका चालतो, उलटी पांडवलेणी चालते, पण पोतं चालत नाही! मला अण्णांचं शास्त्र कळेना. पण दादांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

“म्हणजे मी खोटं सांगू राहिलो?”

“तसं म्हटलं का मी? तुमच्या उस्तादांनी तुम्हाला सांगितलं असंल, तुम्ही धरून चालले.”

“मी समोर होतो.”

“मग नजरचूक झाली असंल.”

दादा उठून उभे राहिले. अण्णाही उठले. प्रकाशची आई “बाबा, बसा ना” म्हणत होती, सासूबाई “अहो, पोहे गार झाले” म्हणत होत्या. बाहेर जीपवाल्याने अंगणातून दोघांना उभं राहिलेलं पाहिलं, निघायची वेळ झाली असं समजून त्याने जीप चालू केली. त्या आवाजाने वंदना आतून दारापर्यंत आली. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. तिसरं स्थळही चाललं, असं त्यावर स्पष्ट होतं.

“पोतं आणा,” दादा म्हणाले.

“आणा,” अण्णा म्हणाले.

वाळू काही आमच्याकडे नव्हती. दादांनी मळ्यावर नजर फिरवली आणि विहिरीकडे बोट केलं. “झेंडूचं घ्या. पाणी पिऊन वाळूपेक्षा जड झालंय. ते नको, पलीकडचं. कडेचं.”

संजय आणि प्रकाश या दोघांनी मिळून ते पोतं ओढत आणलं. दोघांचेही नवे कपडे. त्याला चारी बाजूंनी दोर बांधून जांभळाच्या फांदीला टांगलं. पोतं खरंच जड होतं, अण्णांनी स्वतः ढकलून खात्री केली. आतून काळपट पाणी ठिबकत होतं.

दादांनी बाह्या सरसावल्या.

“अजिबात नाही,” सासूबाई म्हणाल्या. “हर्नियाचं ऑपरेशन झालंय यांचं. टाके सुटले तर मी नाही बघणार.”

मग अण्णांनी धोतर खोचलं. प्रकाशच्या आईने ते परत सोडलं. “तुम्हाला डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा मनाई केलीय,” ती म्हणाली.

दोन्ही योद्धे असे बसले. मग पुढच्या पिढीवर आलं. संजयने पहिला ठोसा मारला. पोतं जरासं हललं. संजयने मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि अगदी शांत आवाजात माझ्याकडे पाणी मागितलं. मग प्रकाश. त्याने दोन पावलं मागे जाऊन धावत येऊन मारला. पोतं लांब गेलं, परत आलं आणि प्रकाशला ओट्यावर बसवून पुन्हा आपल्या जागी जाऊन उभं राहिलं.

“झालं?” अण्णा म्हणाले. “आता तरी मान्य करा.”

“पोरं आजकालची शेणामेणाची,” दादा म्हणाले. पण त्यांचा आवाज बसला होता. आणि मला त्या क्षणी, त्यांच्या एडक्याचं वजन विचारणाऱ्या मला, फार वाईट वाटलं. त्यांच्याकडे बघवेना.

“शैलाला विचारा,” मनगट धरून बसलेला संजय अचानक म्हणाला. “ती सायन्स शिकवते. ती सांगेल, होतं की नाही ते.”

मी त्याच्याकडे बघितलं. सकाळपासून ज्याने मला तोंड उघडायला बंदी केली होती, त्याने मला अशा जागी तोंड उघडायला सांगितलं की होतं म्हटलं तर पाहुणे खोटे, आणि होत नाही म्हटलं तर सासरे खोटे. दोन्ही म्हातारे माझ्याकडे बघत होते. दादा तर थेट बघत होते, सासूबाईंना मध्ये न घेता.

मग मी तेच केलं जे मास्तरीण करते. विषय लांबवला.

“असं आहे,” मी पोत्याजवळ जाऊन म्हटलं, “दोघांचंही बरोबर आहे. हे पोतं मोकळं लटकतंय. त्यामुळे ठोशाची सगळी ऊर्जा झोका देण्यात जाते. पेरेरा साहेबांचं पोतं असंच असणार. उस्तादांचं पोतं कदाचित भिंतीला टेकलेलं असेल.”

“टेकलेलंच होतं,” दादा ताबडतोब म्हणाले.

“बघा. म्हणजे आता कोणीतरी हे मागून घट्ट धरलं तर...”

प्रकाश लगेच उठून मागे जाऊन उभा राहिला. त्याने पोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मुलगा आज्ञाधारक आहे, हे मी मनात टिपून ठेवलं. तेवढ्यात वंदना बाहेर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, असं ठरवून ती चहाचा ट्रे घेऊन सरळ चालत आली आणि प्रकाशच्या शेजारी उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर दोन्ही म्हातारे चहा प्यायला बसले असते. पण वर्गात मला सवय आहे, बोलता बोलता प्रयोग करून दाखवायची.

“तरीसुद्धा,” मी म्हटलं, “माणसाच्या हातात तेवढं बल नसतंच. आता बघा, मी असा ठोसा मारला, तर काय होईल? काहीही होणार नाही.”

आणि मी मारला. म्हणजे मारला असंही म्हणवत नाही. बांगड्या सांभाळून, पोळीची कणीक दाबावी तसा.

आधी ओलं धोतर फाटावं तसा आवाज झाला. मग पोतं वरपासून खालपर्यंत उघडलं.

झेंडू कुजला की त्याचं काय होतं हे फुलवाल्यांनाच माहीत. तो रंगाने काळा-नारिंगी होतो, हाताला गिळगिळीत होतो, आणि वासाबद्दल मी इथे लिहीत नाही. ते सगळं एकदम बाहेर आलं. थोडं माझ्यावर आलं. प्रकाशने पोत्याला मिठी मारली होती, पोतं गेलं आणि मिठी राहिली, तिच्यात बाकीचं सगळं मावलं. काही वंदनाच्या साडीवर, काही ट्रेमधल्या कपांत.

 जीपवाल्याने जीप बंद केली.

मी मूठ तशीच पुढे धरून उभी होते. आवळलेली मूठ उघडायची असते हेसुद्धा सुचेना. तिसरं स्थळ मी घालवलं होतं, तेही दादांची काही मदत न घेता.

मग वंदना हसली. आधी तिने ओठ दाबून पाहिले, मग ट्रे हलायला लागला, कप वाजायला लागले आणि ती खदखदून हसली. प्रकाशच्या डोक्यावर झेंडूचा लगदा होता, कानावरून ओघळत होता. त्याने डोळे पुसले, तिच्याकडे बघितलं, ट्रेमधला एक कप उचलला, त्यातली पाकळी बोटाने बाजूला केली आणि चहा प्यायला.

“साखर बरोबर आहे,” तो म्हणाला.

माझ्या मते लग्न तिथेच ठरलं. पण मोठ्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. मोठे माझ्याकडे बघत होते.

“हाई सून जबर शे,” प्रकाशची आई अण्णांना अहिराणीत, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

“नाही हो,” मी म्हटलं, “माझ्यात काही नाही. पोतं तागाचं आहे, दिवाळीपासून पावसात भिजलंय. ताग कुजतो. नुसत्या दोरावर लटकलं होतं ते. धागे बघा ना, हाताने तुटतायत.”

“आणि विनय किती,” अण्णा म्हणाले.

“अहो, विनय नाही, खरंच कुजलं होतं.”

“पेरेरा साहेब बी असंच बोलायचा,” अण्णा म्हणाले. “डबा ढकलला की म्हणायचा, उतार होता.” मग त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, तुमचा उस्ताद खरा. ज्याच्या चेल्याच्या सुनेच्या हातात एवढी ताकद, त्याच्या हातात किती असंल?”

दादा माझ्याजवळ आले. एडक्याच्या प्रकरणानंतर ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

“शैला, हात दाखव.”

मी मूठ पुढे केली. त्यांनी तिच्यावरचा झेंडू पुसला, एकेक हाड दाबून बघितलं आणि सासूबाईंना म्हणाले, “उद्यापासून हिला निरसं दूध.”

लग्न पौषाच्या आधीच उरकलं, देवळ्याला. मी वऱ्हाडाच्या जीपमधून उतरले तेव्हा गर्दीने मला वाट करून दिली. पोतं एव्हाना वाळूचं झालं होतं. जेवणाच्या पंगतीपर्यंत ते सिमेंटचं झालं. मुलं माझ्यामागून फिरत होती, एकाने मी काय खाते ते विचारलं, मी मेथीची भाजी म्हटलं, तर त्याचा चेहरा पडला. प्रकाशच्या एका चुलत आत्याने मला कोपऱ्यात घेतलं. “ताई, एकदा आमच्याकडं येऊन जा. मारू नका काही. आमच्या मालकांना नुसत्या दिसा.” मी प्रत्येकाला तागाचं समजावून सांगत होते. त्यामुळे माझा विनयसुद्धा तालुक्यात प्रसिद्ध झाला.

शाळेत ही बातमी कशी पोहोचली देव जाणे. दहावीच्या वर्गातली मागच्या बाकावरची पोरं एका सोमवारपासून एकदम पुढे बघून बसायला लागली. मुख्याध्यापकांनी मला शिस्त समितीवर घेतलं आणि माझ्याशी बोलताना टेबल मध्ये ठेवायला लागले.

लग्नाची गडबड संपल्यावर एका दुपारी मी आणि दादा ओट्यावर शेवंतीचे हार करत बसलो होतो. मला राहवेना. (निरसं दूध पिऊनही शंका जात नाहीत.)

“दादा, तुम्हाला माहीत होतं ना, पोतं कुजलंय ते?”

दादांनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, “माहीत होतं म्हणून तर कडेचं मागवलं. मी स्वतः मारणार होतो. तुझ्या सासूनं हर्निया काढला.”

“आणि उस्तादांचं?”

दादांनी आधी हातातला हार पुरा केला. 

“तेबी पावसाळ्यानंतरचंच होतं,” ते म्हणाले. “उस्ताद आम्हाला सांगायचे, ठोसा काय, कोणीबी शिकतं. पोतं निवडता आलं पायजे.”

आम्ही दोघं इतके हसलो की सासूबाई काय झालं ते बघायला बाहेर आल्या. आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्यानंतर दादांनी मला एडक्याचंही सांगितलं. एडका खरा होता. फक्त फार म्हातारा होता, आणि उस्तादांचा लाडका होता, आणि तो टक्कर मारत नसे, डोकं खाजवून घ्यायला यायचा. पण हे आमच्या दोघांतच राहिलं. चारचौघांत दादा मूळचंच सांगायचे आणि मी शेजारी बसून, कोणी बघितलं की गंभीरपणे, मान डोलवायचे.

दादा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. अण्णा त्यांच्या आधी गेले. वंदना आणि प्रकाश दिवाळीला येतात. त्यांची मुलगी, मुक्ता, या वर्षी आठवीत गेली. हुशार आहे, चष्मा आहे, विज्ञानात पहिली येते. परवा सगळे जेवायला बसले होते आणि प्रकाशने नेहमीप्रमाणे आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना गोष्ट सांगायला घेतली. मामीचा ठोसा, सिमेंटचं पोतं, आणि फांदीसुद्धा तुटली, वगैरे. मी भाजी वाढत ऐकत होते.

“मामी,” मुक्ता म्हणाली, “हे शक्य नाही.”

तिने चष्मा वर सरकवला.

“तुमच्या हाताचं वस्तुमान बघता तेवढं बल लागूच शकत नाही. पोत्याचा ताग आधीच कुजलेला असणार. ओला राहिला ना, की बुरशी येते त्याला. आपोआप फाटतो.”

इतकी वर्षं मी वाट बघत होते, की एक तरी माणूस हे स्वतःहून म्हणेल. देवळ्यात, मळ्यात, शाळेत, मी घसा कोरडा करून जे सांगत आले आणि कोणी मानलं नाही, ते माझ्याच भाचीने एका दमात सांगितलं, तेही माझ्याकडून एक शब्द न ऐकता. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझा ऊर भरून यायला हवा होता.

“काय माहीत आहे गं तुला?” मी म्हटलं. “तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?”

“पण मामी, ताग...”

“ताग नव्हताच,” मी तिच्या ताटात भाजी वाढत म्हटलं. “पोतं नायलॉनचं होतं. आणि मी डाव्या हातानं मारला होता.”